परतलेला किरण : वनाखालची भूमी आणि पाण्याखालचा तळ

(द्वितीय वर्ष, कला)

घाटात उभे राहून समोरच्या कड्याकडे तोंड करून हाक मारली, की आपलाच आवाज क्षणाने परत येतो. हा खेळ आपण सर्वांनीच लहानपणी खेळलेला असतो. कडा जितका दूर तितका आवाज उशिरा येतो, हे कोणी शिकवावे लागत नाही. विहिरीत खडा टाकून पाण्याचा आवाज येईपर्यंत मनातल्या मनात आकडे मोजणारा मुलगाही नकळत तेच करीत असतो. तो वेळेवरून अंतर काढीत असतो. प्रस्तुत लेखाचा विषय याच साध्या युक्तीवर उभा आहे. फरक इतकाच, की येथे हाकेच्या जागी प्रकाशाचा किरण आहे आणि कानाच्या जागी अतिशय चपळ असे घड्याळ आहे. या पद्धतीला 'लायडार' म्हणतात. 'लाइट' आणि 'रडार' हे दोन शब्द जोडून हे नाव तयार झाले.

कला शाखेच्या विद्यार्थ्याने लेसर किरणांच्या वाटेला का जावे, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर असे, की गेल्या पंधरा-सोळा वर्षांत या किरणाने आपल्याच विषयांच्या पुस्तकांत भर घातली आहे. जंगलाखाली दडलेली नगरे त्याने इतिहासाच्या अभ्यासकाला दाखविली. उथळ समुद्राचा तळ आणि सखल किनाऱ्यांची खरी उंची भूगोलाच्या अभ्यासकाला दिली. शिवाय हे यंत्र आपल्याला एक जुनाच प्रश्न नव्याने विचारते : जमीन म्हणायचे कशाला? हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही, आणि त्याच्या उत्तरावर माणसांची घरेदारे अवलंबून आहेत. हे दाखविण्याचा प्रयत्न या लेखात केला आहे.

किरण अंतर कसे मोजतो?

प्रकाश एका सेकंदात सुमारे तीन लाख किलोमीटर जातो. म्हणजे एका सेकंदाचा अब्जावा भाग, ज्याला नॅनोसेकंद म्हणतात, तेवढ्या वेळात तो फक्त तीस सेंटिमीटर, आपल्या पट्टीएवढा, पुढे सरकतो. किरण जाऊन परत यायचा असल्यामुळे यातले अर्धेच अंतर धरायचे. तेव्हा घड्याळात एका नॅनोसेकंदाची चूक झाली तर अंतरात पंधरा सेंटिमीटरांची चूक होते. समजा, विमान जमिनीपासून आठशे मीटर उंचीवर आहे. त्यातून सोडलेला किरण खाली आपटून परत यायला सेकंदाचा एक लक्षांश भागही लागत नाही. त्याच्या जवळजवळ निम्म्या वेळातच तो परत येतो. इतका सूक्ष्म काळ मोजणारी साधने निर्माण झाली, म्हणूनच हे शास्त्र शक्य झाले.

प्रकाशाच्या साहाय्याने वातावरणाच्या वरच्या थरांचा वेध घ्यावा, ही कल्पना आयर्लंडच्या ई. एच. सिंज यांनी १९३० मध्ये मांडली. त्या वेळी त्यांच्या डोळ्यांसमोर मोठे शोधदिवे होते. १९६० मध्ये अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी पहिला लेसर तयार केला आणि सरळ रेषेत दूरवर जाणारा, क्षणमात्र चमकून थांबणारा किरण माणसाच्या हाती आला. दोनच वर्षांनी, १९६२ मध्ये, लेसरचा किरण चंद्रावर आपटवून परत घेण्यात आला. १९७१ मध्ये अपोलो-१५ या यानाने चंद्राभोवती फिरत असताना याच रीतीने चंद्रपृष्ठाची उंची मोजली. आपल्या चांद्रयान-१ वरही २००८ मध्ये असे लेसर उंचीमापक होते.

परंतु एका किरणाने एकाच बिंदूची उंची कळते. त्रिमित चित्र, म्हणजे लांबी, रुंदी आणि उंची या तिन्ही अंगांचे चित्र, तयार करायचे तर असे असंख्य बिंदू हवेत. त्यासाठी विमानात एक हलता आरसा बसवितात. तो किरणाला डावीकडून उजवीकडे सतत फिरवितो. विमान पुढे जाते आणि किरण आडवा फिरतो. शेतात पेरणी करावी तसे खालच्या भूमीवर बिंदू पडत जातात. एका सेकंदात असे लाखो किरण सोडता येतात. प्रत्येक किरण सुटला त्या क्षणी विमान नेमके कोठे होते, हे उपग्रहांकडून येणाऱ्या संकेतांवरून कळते. ते कोणत्या बाजूला किती कलले होते, हे दुसरे एक उपकरण नोंदविते. ही तिन्ही माहिती एकत्र केली, की प्रत्येक बिंदूला त्याची जागा आणि उंची मिळते. अशा कोट्यवधी बिंदूंचा जो समूह तयार होतो, त्याला 'बिंदुमेघ' म्हणता येईल. मुंबई–अहमदाबाद या ५०८ किलोमीटरांच्या द्रुतगती रेल्वेमार्गाच्या पाहणीसाठीही विमानातून असा लायडार वापरण्यात आला होता.

पानांच्या फटीतून

येथवर सर्व सरळ आहे. खरी गंमत पुढे आहे. उघड्या माळावर किरण टाकला तर एकच उत्तर परत येते. दाट झाडीवर टाकला तर मात्र एकाच किरणाची अनेक उत्तरे येतात. किरणाचा काही भाग शेंड्याच्या पानावर आपटून परततो, काही भाग खालच्या फांदीवरून, आणि फटीफटीतून सुटलेला थोडासा अंश जमिनीला लागून सर्वांत शेवटी परत येतो. भर दुपारी आमराईत उभे राहिले तर पायाशी उन्हाचे कवडसे दिसतात. जेथून ऊन खाली येते तेथून किरणही खाली येतो. लायडार पानांच्या आरपार पाहत नाही. तो कवडशांतून पाहतो.

याचे एक प्रसिद्ध उदाहरण मध्य अमेरिकेतील बेलिझ या देशातील आहे. तेथील घनदाट अरण्यात काराकोल नावाचे माया संस्कृतीचे प्राचीन नगर आहे. आर्लेन चेस आणि डायान चेस हे पुरातत्त्वज्ञ दांपत्य १९८५ पासून तेथे उत्खनन करीत होते. झाडी तोडून, वाटा काढून, पायी फिरून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जवळजवळ पंचवीस वर्षांत सुमारे तेवीस चौरस किलोमीटरांचा नकाशा केला. हे नगर फार विस्तीर्ण असले पाहिजे आणि त्याच्या भोवतीचे डोंगरउतार शेतीसाठी बांधून काढलेले असले पाहिजेत, असे त्यांचे मत होते. परंतु इतक्या लहान तुकड्यावरून ते सिद्ध कसे व्हावे?

२००९ मध्ये, पाने कमी असतात अशा उन्हाळ्याच्या अखेरीस, एका लहान विमानाने त्या अरण्यावर उभ्या-आडव्या फेऱ्या मारल्या. आठवड्याच्या आत सुमारे दोनशे चौरस किलोमीटरांची मोजणी पूर्ण झाली. दर चौरस मीटरवर सरासरी वीस किरण टाकले होते. त्यांपैकी जमिनीपर्यंत पोचून परत आलेल्यांची सरासरी होती फक्त सव्वा ते दीड. बाकीचे सारे पानांनी आणि फांद्यांनीच परतवले. तरीही त्या मोजक्या किरणांतून जे चित्र उमटले त्यात नगरातून दूरवर जाणारे बांधीव रस्ते होते, हजारो घरांचे चौथरे होते आणि डोंगरामागून डोंगर व्यापणारी पायऱ्यांची शेती होती.

येथे एक गोष्ट विसरू नये. पंचवीस वर्षे पायी केलेला तो तेवीस चौरस किलोमीटरांचा नकाशा विमान आल्यामुळे निरुपयोगी ठरला नाही. किरणांनी दाखविलेला उंचवटा खरोखरच घराचा चौथरा आहे की उन्मळलेल्या झाडाच्या मुळाशी साचलेली माती आहे, हे पडताळायला तोच उपयोगी पडला.

महेंद्रपर्वताचा शोध

दुसरे उदाहरण आपल्याला नावानेच जवळचे वाटेल. कंबोडियातील ख्मेर राजा दुसरा जयवर्मन याने इ. स. ८०२ मध्ये महेंद्रपर्वतावर स्वतःला सार्वभौम घोषित केले, असे मानले जाते. हा महेंद्रपर्वत म्हणजे आजचे फ्नोम कुलेन हे पठार, हेही अभ्यासकांना माहीत होते. तेथे देवळांचे अवशेष विखुरलेले होते. पण राजधानीचे नगर कोठे? झाडी दाट, वाटा अवघड आणि त्यात यादवी युद्धाच्या काळात पेरलेले भूसुरुंग. पायी पाहणी करणे म्हणजे जिवाशी खेळ होता.

२०१२ मध्ये डेमियन एव्हन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेलिकॉप्टरला लायडार बांधून अंगकोर, कोह केर आणि कुलेन पठाराचा काही भाग मिळून ३७० चौरस किलोमीटरांची पाहणी केली. २०१५ मध्ये याहून कितीतरी मोठा प्रदेश मोजण्यात आला. कुलेनवर एकमेकांना काटकोनात छेदणारे रस्ते, बांध, तलाव आणि वस्तीचे चौक आढळले. विखुरलेली वाटणारी देवळे आता एका आखीव नगराच्या नकाशात आपापल्या जागी बसली.

परंतु याच पाहणीत अंगकोर वाटच्या दक्षिणेस जमिनीवर काढलेली वेटोळ्यांची एक प्रचंड आकृतीही उमटली. ती बाग होती, पाण्याची काही व्यवस्था होती की आणखी काही, याविषयी अभ्यासकांत एकमत झालेले नाही. लायडार 'काय' आणि 'कोठे' हे सांगतो. 'कशासाठी' हे सांगायला शिलालेख, उत्खनन आणि माणसाची बुद्धी लागते. आपल्या शाखेचे काम तेथून सुरू होते.

हिरवा किरण आणि समुद्र

आता जमिनीवरून पाण्याकडे वळू. समुद्राची खोली मोजण्याची जुनी रीत म्हणजे शिशाचा गोळा बांधलेली दोरी खाली सोडणे. पुढे ध्वनिलहरींचा उपयोग सुरू झाला. जहाजाने ध्वनी सोडायचा आणि तळावरून आलेला प्रतिध्वनी टिपायचा. खोल समुद्रात आजही हीच पद्धत उपयोगी पडते; कारण प्रकाश पाण्यात फार खोल जात नाही. परंतु किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात ध्वनीची पद्धत अडचणीची होते. पाणी जितके उथळ तितका ध्वनीचा पट्टा अरुंद होतो आणि जहाजाला फेऱ्या अधिक माराव्या लागतात. शिवाय खडकावर आपटण्याची भीती असते. म्हणून जमिनीचा नकाशा जेथे संपतो आणि समुद्राचा नकाशा जेथे सुरू होतो, त्यांच्यामध्ये पुष्कळदा एक कोरी पट्टी राहून जाते. मोजणीदाराचे पाय तेथे पोचत नाहीत आणि जहाजही पोचत नाही. मासेमारीच्या होड्या, प्रवाळाची बेटे, बंदरांची तोंडे ही सारी मात्र याच पट्टीत असतात.

ही पट्टी भरून काढण्यासाठी विमानातून दोन किरण एकदम सोडतात. एक अवरक्त, डोळ्यांना न दिसणारा. त्याची तरंगलांबी १०६४ नॅनोमीटर. दुसरा हिरवा, त्याची तरंगलांबी बरोबर निम्मी, ५३२ नॅनोमीटर. अवरक्त किरण पाण्याच्या पृष्ठभागावरूनच परततो. हिरवा किरण पाण्यात शिरतो आणि तळाला लागून परत येतो. दोघांच्या परतण्यातला वेळेचा फरक म्हणजे पाण्याची खोली.

पण येथेही हिशोब सावधपणे करावा लागतो. पाण्यात प्रकाशाचा वेग कमी होऊन सेकंदाला सुमारे सव्वादोन लाख किलोमीटर होतो. शिवाय पाण्यात शिरताना किरण वळतो. पेल्यातला चमचा वाकडा दिसतो, ते याच वक्रीभवनामुळे. वेगातला हा फरक लक्षात न घेता हवेतल्या वेगानेच हिशोब केला, तर नऊ मीटर खोलीचे पाणी बारा मीटर खोल असल्याचे उत्तर येईल. दहा मीटर पाणी लागणाऱ्या जहाजाचा कप्तान अशा नकाशावर विसंबून आला, तर जहाज तळाला लागेल. म्हणजे कागदावरच्या एका दुरुस्तीवर येथे जहाज आणि खलाशी यांची सुरक्षितता अवलंबून असते.

ऑस्ट्रेलियाच्या नौदलाने १९९३ पासून ग्रेट बॅरियर रीफच्या परिसरात अशी यंत्रणा वापरात आणली. त्यानंतर वर्षभरातच अमेरिकेतही बंदरे आणि किनारे यांच्या मोजणीसाठी ती सुरू झाली. पुढे २०१८ मध्ये अमेरिकेने आइससॅट-२ हा उपग्रह सोडला. त्याचे मुख्य काम ध्रुवप्रदेशातील बर्फाची उंची मोजण्याचे. त्याचा किरणही हिरवाच. सुमारे पाचशे किलोमीटर उंचीवरून तो सेकंदाला दहा हजार वेळा चमकतो. प्रत्येक चमकेबरोबर सुमारे वीस लाख कोटी प्रकाशकण खाली जातात आणि त्यांपैकी डझनभरच काय ते परत येतात. तरी तेवढ्यावरून उंची निघते. पुढे असे लक्षात आले, की नितळ उष्णकटिबंधीय समुद्रावरून जाताना हा उपग्रह जवळजवळ चाळीस मीटर खोलीपर्यंतचा तळही टिपतो. बर्फासाठी केलेले साधन प्रवाळाच्या उपयोगी पडले.

मात्र सारे काही पाण्याच्या नितळपणावर अवलंबून आहे. १८६५ मध्ये इटलीतील धर्मगुरू व खगोलशास्त्रज्ञ अँजेलो सेक्की यांनी पाण्याची पारदर्शकता मोजण्यासाठी एक सोपी रीत वापरली. पांढरी तबकडी दोरीने पाण्यात सोडायची आणि ती दिसेनाशी होते ती खोली नोंदवायची. विमानातील लायडारची पोच या खोलीच्या साधारण दुप्पट ते तिप्पट असते. म्हणून स्वच्छ प्रवाळसमुद्रात जे यंत्र पन्नास मीटरांपर्यंत पाहू शकते, तेच पावसाळ्यात तांबड्या मातीने गढुळलेल्या आपल्या कोकणातील एखाद्या खाडीवर नेले, तर फार तर एक-दोन मीटरांवरच थांबेल. प्रकाशाला वाट मिळाली पाहिजे, ही अट अरण्यात आहे तशीच पाण्यातही आहे.

जमीन कोणती?

आता आरंभी मांडलेल्या प्रश्नाकडे येऊ. बिंदुमेघात पाने, फांद्या, छपरे, विजेच्या तारा, माती हे सारे एकत्र असते. त्यातून जमीन वेगळी काढण्यासाठी गणकयंत्राला नियम द्यावे लागतात. सर्वसाधारणपणे भोवतालच्या बिंदूंपेक्षा एकदम उंच उठणारे बिंदू 'जमीन नव्हे' म्हणून बाजूला काढतात. नियम ढिला ठेवला तर झुडपे जमीन ठरतात. नियम कडक केला तर पडक्या भिंतीसुद्धा झाडीबरोबर पुसल्या जातात. पुरातत्त्वज्ञाला झाडे हा अडथळा आहे, तर वनशास्त्रज्ञाला झाडांची उंची हीच हवी असलेली माहिती आहे. बिंदू तेच असतात. काय ठेवायचे आणि काय गाळायचे हे माणूस ठरवितो.

हा केवळ अभ्यासकांचा वाद नाही. २००० च्या फेब्रुवारीत एंडेव्हर या अवकाशयानाने रडारच्या साहाय्याने पृथ्वीच्या बहुतेक भूभागाची उंची मोजली. हा नकाशा सर्वांना खुला झाला आणि अनेक देशांनी तो वापरला. पण त्यात एक दोष होता. रडारच्या लहरी पुष्कळ ठिकाणी झाडांच्या शेंड्यांवरून आणि घरांच्या छपरांवरून परतल्या होत्या. म्हणजे छपराची उंची अंगणाची उंची म्हणून नोंदली गेली. दाट वस्तीच्या सखल किनाऱ्यांवर ही चूक अधिक घातक. समुद्राची पातळी वाढली तर पाणी छपरावर नव्हे, अंगणात शिरते.

२०१९ मध्ये स्कॉट कल्प आणि बेंजामिन स्ट्रॉस या अमेरिकन संशोधकांनी या चुकीचा हिशोब केला. अमेरिकेच्या किनाऱ्याचे लायडारने केलेले अचूक नकाशे समोर ठेवून रडारचा नकाशा कोठे आणि किती चुकतो, हे त्यांनी गणकयंत्राला शिकविले आणि त्या शिकवणीवरून साऱ्या जगाच्या किनाऱ्यांची उंची दुरुस्त केली. परिणाम असा झाला, की वाढत्या समुद्राच्या टप्प्यात येणाऱ्या लोकांचा अंदाज सुमारे तिप्पट झाला. समुद्र एकाएकी वाढला नव्हता. माणसे पूर्वीइतकीच सखल जागी राहत होती. फक्त त्यांच्या अंगणाची उंची आता अधिक खरी कळली होती.

यातील एक गोष्ट मला विचार करण्यासारखी वाटते. नेदरलँड्सचा सुमारे चतुर्थांश भाग समुद्रसपाटीखाली आहे. त्या देशाने १९९६ पासून आपली सारी भूमी लायडारने मोजावयास घेतली आणि पुढे ती मोजणी पुनःपुन्हा केली. बांध किती उंच घालायचा हे त्यांना आपल्याच भूमीच्या मोजमापावरून ठरविता येते. उलट या जागतिक अंदाजात मुंबईसह आशियातील किनाऱ्यांची जी उंची धरली आहे, ती अमेरिकेच्या भूमीवरून शिकलेल्या नियमांनी काढलेली आहे. ती पूर्वीपेक्षा चांगली आहे, यात शंका नाही. पण परक्या गावच्या अनुभवावरून आपल्या गावच्या पुराची रेषा आखण्यात जी उणीव राहायची ती तीतही राहणारच.

समारोप

सारांश, लायडार हा जादूचा डोळा नव्हे. वीसांपैकी एक-दोन किरण परततात, लाखो कोटींतून डझनभर कण परततात, आणि त्यांच्या आधारे यंत्र एक चित्र आपल्यापुढे ठेवते. त्या चित्रात काय जमीन आणि काय झाड, कोठे पृष्ठभाग आणि कोठे तळ, हे ठरविण्याची जबाबदारी माणसाचीच राहते. काराकोलच्या अरण्यात पंचवीस वर्षे पायपीट केलेले लोक होते, म्हणून तेथील चित्राचा अर्थ लागला.

आपल्याकडेही असे चित्रण पुढे अधिकाधिक होत जाईल. विमान आणि लेसर चालविणारे तज्ज्ञ विज्ञान शाखेतून येतील. पण त्यांनी आणलेला नकाशा हाती घेऊन गावात जाणारे, हा उंचवटा कशाचा म्हणून तेथील वडीलधाऱ्यांना विचारणारे, मागच्या पुरात पाणी कोणाच्या उंबऱ्यापर्यंत आले होते याची नोंद करणारे लोकही तितकेच लागतील. इतिहास आणि भूगोल शिकणाऱ्या आपल्यासारख्यांना हे काम परके नाही. त्यासाठी निदान हा किरण कसा जातो, कोठे अडतो आणि काय घेऊन परत येतो, एवढे तरी आपण जाणून घ्यावे, म्हणून हा लेखनप्रपंच.